टेलिफोनच्या तारेवरून घरात ब्रॉडबँड: आधी तार तपासा, मग मॉडेम

टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते, कारण दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत. आवाजाला ४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारे तंत्र, त्याच्या वर, साधारण २५ ते ११०० किलोहर्ट्झमध्ये चालते आणि एडीएसएल२+ ही त्याची सुधारित आवृत्ती थेट २२०० पर्यंत जाते. त्यातला १३८ पर्यंतचा पट्टा अपलोडला आणि उरलेला सगळा डाउनलोडला मिळतो, म्हणून अपलोड कायम कमी असते. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितकी ती तारेत लवकर विरते. त्यामुळे अंतर वाढले की पहिला फटका डाउनलोडला बसतो.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, तुमच्या नंबरावर ब्रॉडबँडचा पोर्ट (एक्स्चेंजच्या यंत्रणेतली जोडणीची जागा) मोकळा आहे का. दुसरी, एक्स्चेंजपासून किंवा रस्त्यावरच्या कॅबिनेटपासून तार किती लांब आहे. नकाशावरचे सरळ अंतर इथे उपयोगाचे नाही, कारण तार गल्लीबोळांतून फिरत येते. एडीएसएल२+ ची २४ एमबीपीएस ही कमाल मर्यादा आहे आणि ती एक्स्चेंजच्या अगदी जवळच्यांनाच अनुभवता येते. चांगल्या तारेवर तीन किलोमीटरला ८ एमबीपीएसच्या आसपास मिळते, पाच किलोमीटरला एक-दोन मिळाले तरी खूप. व्हीडीएसएल२ हे वेगवान भावंड पहिल्या काही शे मीटरांतच चमकते, दीड किलोमीटरच्या पुढे त्याचा फारसा फायदा उरत नाही. तेव्हा अंतर न विचारता मोठ्या वेगाचा प्लॅन घेऊ नका.

आता लाइन ऐका. वायरचा साधा फोन लावा (कॉर्डलेस नको, त्याची स्वतःचीच खरखर असते), कोणताही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि दहा-पंधरा सेकंद शांतपणे ऐका. खरखर, घरघर किंवा दुसऱ्या कुणाचे बोलणे कानावर आले तर आधी लाइन दुरुस्त करून घ्या. बोलण्यापुरती खरखर माणूस चालवून घेतो, मॉडेम घेत नाही.

घरातली जोडणी

ब्रॉडबँडच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ घरातल्या वायरिंगमध्येच सापडते, म्हणून इथे वेळ घाला. नियम एकच: बाहेरची तार घरात जिथे पहिल्यांदा येते, तिथेच स्प्लिटर (बोलणे आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी) बसवा. त्याच्या आधी एकही फाटा नको.

स्प्लिटरला तीन खाचा असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. बाहेरून आलेली तार लाइनमध्ये. मॉडेमच्या खाचेतून एकच वायर मॉडेमकडे. घरातले बाकी सगळे, म्हणजे दुसऱ्या खोलीतला फोन, फॅक्स, जादा घंटी, फोन लाइनवर चालणारा अलार्म, हे फोनच्या खाचेतून पुढे. बेडरूममधला एक समांतर फोन स्प्लिटरच्या आधी जोडलेला राहिला की तो उचलताच इंटरनेट तुटते. तिथवर नवी वायर ओढणे शक्यच नसेल तर त्या फोनला स्वतंत्र मायक्रोफिल्टर (इंटरनेटचा सिग्नल फोनपासून अडवणारी छोटी डबी) लावा. मात्र एका लाइनवर असे तीन-चारपेक्षा जास्त फिल्टर नकोत, आवाज बारीक होत जातो.

भिंतीवरची डबी उघडली की दोन स्क्रू दिसतात. तारांची टोके हिरवट किंवा काळी पडली असतील तर तेवढा भाग कापा, एक सेंटिमीटर इन्सुलेशन सोला, तांबे चकचकीत दिसेपर्यंत ब्लेडने हलकेच खरवडा, स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळा आणि घट्ट आवळा. कोणती तार कोणत्या स्क्रूला, याने डीएसएलला (एडीएसएल, व्हीडीएसएल या सगळ्यांचे एकत्रित नाव) फरक पडत नाही. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रकार मात्र टाळा. तो सांधा पावसाळ्यात ओल धरतो आणि महिनोन्‌महिने छळतो. एरवी या तारांवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण घंटी वाजताना ७५ ते ९० व्होल्ट एसी येतो. तो चांगलाच झटका देतो, म्हणून बाहेरून येणारी तार आधी सोडवून घ्या आणि मगच हात घाला.

मॉडेम दूर ठेवायचा असेल तर फोनची चपटी वायर लांबवू नका, तिच्या तारा एकमेकींना पिळलेल्या नसतात आणि ती आजूबाजूची सगळी खरखर ओढून घेते. मॉडेम स्प्लिटरजवळ ठेवा आणि तिथून नेटवर्क केबल न्या. ती शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते.

मॉडेमची सेटिंग

मॉडेम सुरू केल्यावर डीएसएलचा दिवा लुकलुकतो आणि एक ते तीन मिनिटांत स्थिर होतो. तो स्थिर होईपर्यंत पासवर्डाशी झटापट करून उपयोग नाही, कारण लाइनच अजून जोडलेली नसते.

दिवा स्थिर झाला की मॉडेमला केबलने जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. नाही उघडला तर मॉडेमच्या तळाचे लेबल पाहा, पत्ता आणि लॉगिन तिथे छापलेले असते. भरायच्या गोष्टी मोजक्याच: व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे (कंपनीच्या जाळ्यातली तुमची वाट ठरवणारे), जोडणीचा प्रकार (बहुधा पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी), युजरनेम आणि पासवर्ड. पहिले दोन आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. कंपनीकडूनच घ्या, अंदाजाने भरू नका. मॉड्युलेशन (एडीएसएल, एडीएसएल२+ वगैरेंतली निवड) ऑटोवर राहू द्या. पीपीपीओईला एमटीयू (डेटाच्या एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ ठेवा. तो १५०० राहिला तर काही साइट उघडतात आणि काही अर्धवट अडकतात, आणि कारण लवकर ध्यानात येत नाही. शेवटी मॉडेमचा आणि वाय-फायचा मूळ पासवर्ड बदला.

आकडे वाचायला शिका

मॉडेमच्या स्टेटस पानावर लाइनची पत्रिकाच मांडलेली असते. अ‍ॅटेन्युएशन म्हणजे तारेत सिग्नल किती विरला: २० डेसिबलच्या आत उत्तम, ४० च्या आसपास चालेल, ६० च्या वर गेले की कठीण. एसएनआर मार्जिन (खरखरीच्या वर सिग्नलला उरलेली मोकळीक, डेसिबलमध्येच) याच्या उलट, जितके जास्त तितके बरे. ६ च्या खाली घसरले की लाइन तुटू लागते, १० च्या वर निश्चिंत. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) दर मिनिटाला भराभर वाढत असतील तर बहुधा कुठेतरी सांधा सैल आहे. सिंक, म्हणजे मॉडेम आणि एक्स्चेंज यांच्यात ठरलेला वेग, ८ एमबीपीएस दिसत असेल तरी हाती सातच्या आसपासच येतात, बाकीचे पॅकेटच्या वेष्टनात जातात. आणि डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसत असेल तर आठाने गुणून मगच प्लॅनशी ताडा.

सिंक नेहमीइतकाच आहे, पण संध्याकाळी वेग बसतो? मग तार निर्दोष आहे, गर्दी पुढच्या जाळ्यात आहे. फक्त वाय-फायवर संथ वाटत असेल तर केबल लावून पाहा. डीएसएलचा दिवा स्थिर आहे, इंटरनेटचा नाही, तर युजरनेम, पासवर्ड किंवा व्हीपीआय-व्हीसीआय चुकले आहे. घंटी वाजताच तुटते, तर फिल्टर बिघडला आहे किंवा एखादा फोन त्याच्या आधी जोडला गेला आहे.

तक्रार नोंदवण्याआधी घरातली सगळी जोडणी काढा, मॉडेम थेट बाहेरच्या तारेला लावा आणि आकडे लिहून घ्या. इथे सुधारले तर दोष घरात आहे, इथेही तसेच असले तर बाहेर. तपासण्याच्या नादात मॉडेम सारखा बंद-चालू करू नका. काही एक्स्चेंजमधली यंत्रणा लाइन अस्थिर समजून वेग आपणहून कमी करते. विजा कडाडत असतील तर मात्र वीज आणि टेलिफोन, दोन्ही वायरी काढून ठेवा.

एक चमत्कारिक बिघाड हमखास चकवतो: फोन पूर्ण मुका, पण इंटरनेट रखडत का होईना चालू. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक तार कुठेतरी तुटलेली असते, आणि डीएसएलचा उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल त्या फटीतूनही थोडाफार पार होतो. तेव्हा तक्रार ‘इंटरनेट संथ’ अशी न देता ‘फोन बंद, डायल टोन नाही’ अशी द्या, म्हणजे येणारा माणूस थेट तारच तपासेल.