विहिरीसाठी घणाचा सर्व्हे: कठीण खडक किती खोल?

विदर्भाच्या काळ्या पाषाणात खोदविहिरीला पाणी लागते ते बहुधा मुरुमात आणि भेगाळ खडकात. भूकंपलहरींच्या अपवर्तन पद्धतीने (घणाच्या ठोक्याची लहर खालच्या खडकातून वाकून वर यायला किती वेळ लागतो ते मोजून) पाणी थेट दिसत नाही, कठीण खडक किती खोल आहे ते कळते. खडक जिथे सर्वांत खोल, तिथे मुरूम जाड. ती जागा आधी तपासावी.

सर्व्हे सोयाबीन निघाल्यावर, जमिनीत ओल असतानाच करावा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, जिओफोनचा (जमिनीची कंपने टिपणाऱ्या यंत्राचा) खिळा हलतो, लहर अंधुक येते. तेव्हाच करायचा असेल तर वीतभर माती काढून खालच्या घट्ट थरात खिळा रोवा.

वावरात सरळ रेषेत दर 3 मीटरवर 24 जिओफोन लावा. या 69 मीटरमध्ये साधारण 14-15 मीटर खोली कळते. ठोक्यासाठी 8 किलोचा घण, खाली जाड लोखंडी प्लेट. पहिले दोन-तीन ठोके नोंदू नका, ते प्लेट बसण्यासाठी. मग दोन्ही टोके, मध्य आणि टोकांच्या पलीकडे 15-20 मीटर, अशा प्रत्येक ठिकाणी 9-10 ठोक्यांच्या नोंदी एकत्र करा. गोंगाट सुमारे एक तृतीयांश उरतो. मोटारपंप, ट्रॅक्टर बंद ठेवा, वाऱ्याआधी सकाळीच उरका. एकाच टोकाच्या ठोक्यांवर कधीच भागवू नका: खडक उतरता असला की वेग खोटा येतो.

लहरींचे वेग साधारण असे: कोरडी माती सेकंदाला 300-500 मीटर, मुरूम 600-1500, भेगाळ खडक 2000-3500, अखंड पाषाण 4500च्या वर. ठोक्यापासूनचे अंतर आणि लहर पोहोचायचा वेळ यांच्या आलेखाची रेघ 24 मीटरवर मोडली (तिथून उतार बदलला), वरचा वेग 600, खालचा 3000, तर वेगांची वजाबाकी भागिले बेरीज 0.67, त्याचे वर्गमूळ 0.82. त्याला 24च्या निम्म्याने गुणा: खडक 9.8 मीटरवर.

1500च्या आसपासचा वेग फसवा असतो. पाण्याने भरलेला भुसभुशीत थर आणि कोरडा घट्ट मुरूम दोन्ही तोच देतात. शेजारच्या विहिरीची पाणीपातळी मोजून ताडून पाहा.

अखंड पाषाणाखालचा सच्छिद्र खडक किंवा लाल मातीचा थर कमी वेगाचा असल्याने या पद्धतीला दिसतच नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात खारे-गोडेही ओळखता येत नाही; तिथे विद्युतरोध चाचणी (जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजणे) हवीच. निव्वळ घणाच्या सर्व्हेवरून 200 फुटांवर पाणी सांगणाऱ्याच्या भरवशावर बोअर मारू नका.