वर्गात माग वाजला पाहिजे

सोलापुरी चादरीवर नक्षी कशी उतरते, हे मुलांना नुसत्या फोटोंनी कळत नाही. मागावर बसवलेल्या जॅकार्ड या नक्षीच्या यंत्रावर भोकं पाडलेले पुठ्ठे सरकतात, जिथं भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाची ही १८०४ सालची युक्ती हलताना बघावी लागते, आणि मागाचा खडखडाट ऐकावाही लागतो. म्हणून स्लाइडमध्ये व्हिडिओ हवाच.

तयारी आदल्या दिवशीच करा. पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्ट, व्हिडिओ, ऑनलाइन व्हिडिओ असं जाऊन यूट्यूबची लिंक चिकटवली, तरी व्हिडिओ आपल्या फाइलमध्ये येत नाही. तो यूट्यूबवरच राहतो आणि दर वेळी नेटवरून चालतो. गेल्या वर्षी घरी सगळं छान चाललं, म्हणून मी फक्त पेनड्राइव्ह घेऊन वर्गात गेले. नेट नव्हतं. ४५ मुलं रिकाम्या चौकोनाकडे बघत बसली, ते मला अजून लागतं. तेव्हा ज्या खोलीत दाखवायचंय तिथंच, त्याच लॅपटॉपवर, एफ५ दाबून पूर्ण चालवून बघा. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून ठेवा, डेटा किती उरलाय तेही बघा. काही व्हिडिओ मालकानं दुसरीकडे चालवायला बंद केलेले असतात. ते स्लाइडमध्ये उघडतच नाहीत, दुसरा शोधावा लागतो.

पॉवरपॉइंटमधलं ट्रिम, म्हणजे व्हिडिओचा नको तो भाग कापायची सोय, ऑनलाइन व्हिडिओला लागू होत नाही. नेमका तुकडाच दाखवायचा असेल तर गूगल स्लाइड्स बरं: फॉरमॅट ऑप्शन्समध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ देता येते. व्हिडिओ गूगल ड्राइव्हवरचा असेल तर लिंक असणाऱ्या प्रत्येकाला बघता येईल, असं शेअरिंग आधी करून ठेवा.

आवाजाची खात्री वेगळी करा. एचडीएमआय वायर लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे जातो आणि तिथला स्पीकर फार बारीक असतो. साउंड सेटिंगमधून बाहेरचा स्पीकर निवडा, शेवटच्या बाकावर बसून ऐका.

एवढं करूनही फाइलमध्ये एक स्वतःची क्लिप असू द्या. ती इन्सर्ट, व्हिडिओ, धिस डिव्हाइस असं जाऊन घातली की नेट लागत नाही. यूट्यूबवरचं परवानगीशिवाय उतरवून घेऊ नका. आपल्या गावात माग आहेतच की! मालकांना आणि विणकरांना विचारा, मोबाइल आडवा धरा आणि सरकत्या पुठ्ठ्यांवर ४० सेकंद स्थिर ठेवा.