एका प्रश्नाला 54 सेकंद: माझी सीईटीची तयारी

एमएचटी-सीईटी म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा. तिच्या पहिल्या पेपरात फिजिक्सचे 50 आणि केमिस्ट्रीचे 50 असे 100 प्रश्न असतात आणि त्यांना वेळ मिळतो 90 मिनिटं. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला 54 सेकंद येतात. हा भागाकार मी पहिल्यांदा केला तो बारावीच्या दिवाळीत. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात केला असता तर दीड वर्ष मी वेगळ्या पद्धतीनं अभ्यास केला असता. म्हणून आत्ता जे अकरावीत आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी, मग तालुक्याच्या गावी अकरावी-बारावी सायन्स. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपची सीईटी मे 2024 मध्ये दिली, 97 पर्सेंटाइलच्या थोडं वर मिळाले आणि आता सांगलीत इलेक्ट्रिकलला आहे. राज्यात पहिली आलेली मुलं सांगतात ती तयारी वेगळी. माझ्यासारखी, म्हणजे दहावीला चांगले मार्क असलेली पण स्पर्धा परीक्षेचा गंध नसलेली मुलं गावोगावी आहेत. हे त्यांच्याशी बोलणं आहे.

आधी पेपर नीट समजून घ्या. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रत्येक प्रश्नाला 1 गुण. मॅथ्सचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, त्यांना स्वतंत्र 90 मिनिटं. एकूण 200. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिली 90 मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद होतो आणि मॅथ्स उघडतं. 'केमिस्ट्रीचे उरलेले नंतर बघू' असं करता येत नाही. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येतं, मॅथ्सचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही गोष्ट अकरावीतच ध्यानात घ्यावी. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला गणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं, पण 'लोकस', 'रिस्पेक्टिव्हली', 'अ‍ॅट लीस्ट' अशा शब्दांपाशी तो थबकायचा. प्रॉबॅबिलिटीत 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'अ‍ॅट मोस्ट' यांत घोळ झाला की बाकीचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं. असे शंभरेक शब्द असतील. वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलात तर दोन महिन्यांत हा अडसर जातो.

आता अकरावीबद्दल. सगळे सांगतात की अकरावीला फक्त 20 टक्के वजन आहे, आणि त्या 'फक्त' शब्दावर विसंबून आमच्या वर्गानं अकरावीचं वर्ष सोडून दिलं. आकडे मांडून बघा. फिजिक्सचे 10 प्रश्न, केमिस्ट्रीचे 10, मॅथ्सचे 10 म्हणजे 20 गुण. झाले 200 पैकी 40. शिवाय अकरावीचे सगळे धडे सीईटीला नसतात, ठरावीकच असतात. त्यांची यादी ही परीक्षा घेणारं राज्याचं सीईटी सेल अभ्यासक्रमासोबत देतं. फिजिक्समध्ये लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, साउंड, ऑप्टिक्स. मॅथ्समध्ये स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स. हे धडे बारावीच्या धड्यांपेक्षा सोपे वाटतात, आणि परीक्षेच्या तोंडावर ते पहिल्यापासून शिकायला बसणं फार जड जातं. मी तेच केलं. त्या 40 गुणांतले निम्मे तरी मी हकनाक घालवले.

बोर्ड आणि सीईटी यांचं पाठ्यपुस्तक एकच, पण सवयी उलट्या लागतात. मॅथ्समधलं एक उदाहरण सांगते. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये शून्यापासून पाय बाय टूपर्यंत, वर साइन आणि खाली साइन अधिक कॉस, असं एक नेहमीचं गणित असतं. बोर्डात ते पायरीपायरीनं लिहायचं: आय मानायचा, प्रॉपर्टी वापरायची, दोन्ही समीकरणांची बेरीज करायची, मग उत्तर पाय बाय फोर. हे सगळं लिहायला चार-पाच मिनिटं जातात आणि जायलाच हवीत, कारण तिथं पायऱ्यांना गुण असतात. सीईटीत तेच गणित साइनचा वर्ग, घन किंवा वर्गमूळ घेऊन येतं. वर आणि खाली घात एकच असला की उत्तर पाय बाय फोरच. ज्यानं ती प्रॉपर्टी खरी समजून घेतली आहे त्याला दहा सेकंद पुरतात आणि वाचलेली दीड मिनिटं व्हेक्टरच्या एखाद्या लांबलचक प्रश्नाला देता येतात. म्हणून बोर्डाचा अभ्यास सोडा असं मी म्हणणार नाही. बोर्डासाठी गणित पूर्ण लिहून झालं की पुस्तक मिटण्याआधी स्वतःला विचारा: हेच पर्यायांसह आलं तर सर्वांत जवळची वाट कोणती? इनडेफिनिट इंटिग्रेशनचं उत्तर सापडत नसेल तर दिलेल्या पर्यायांचं डिफरन्शिएशन करून बघता येतं. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये पर्यायातले बिंदू अटींत घालून बघता येतात. या वाटा कुणी शिकवायची गरज नसते, शोधायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

फिजिक्समध्येही हाच नियम. ऑसिलेशनमध्ये विचारतात, वेग महत्तम वेगाच्या निम्मा असताना विस्थापन किती? वेगाचं सूत्र हाताखालचं असेल तर दोन ओळींत अ‍ॅम्प्लिट्यूडच्या रूट थ्री बाय टू पट येतं. सूत्र आठवण्यातच तीस सेकंद गेली तर पुढचं करायला वेळ उरत नाही. मी प्रत्येक धड्याची सूत्रं एका पानावर स्वतःच्या हातानं लिहिली होती. बाजारात मिळणारी छापील पानंही माझ्याकडे होती, पण त्यांतलं सूत्र ऐनवेळी आठवायचं नाही. स्वतः लिहिलेलं पान डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहायचं, अगदी कुठल्या कोपऱ्यात काय लिहिलंय तेसुद्धा.

केमिस्ट्रीबद्दल माझं मत ठाम आहे: बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा. चौकटीतला मजकूर, तक्ते, आकृतीखालची ओळ, धड्याच्या शेवटचे प्रश्न, काही सोडू नका. आमच्या क्लासची जाडजूड नोट्सची पुस्तकं होती आणि मी सहा महिने तीच वाचली. जानेवारीत पाठ्यपुस्तक उघडलं तेव्हा कळलं की सराव प्रश्नांतली किती वाक्यं जशीच्या तशी तिथून उचललेली असतात. पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री, बायोमॉलिक्युल्स हे धडे बोर्डासाठी मुलं शेवटी घाईघाईत उरकतात. सीईटीत त्यांच्यावरचे प्रश्न वीस सेकंदांत सुटणारे असतात. गणिती धड्यांत थोडी डोकेमोड हवी. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया 75 टक्के पूर्ण व्हायला किती वेळ, असं विचारलं तर लॉगपर्यंत जायचंच नाही: अर्ध्याचं अर्ध उरलं, म्हणजे दोन हाफ-लाइफ. कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे आकडेमोड हातानंच. लॉग 2 म्हणजे 0.301, लॉग 3 म्हणजे 0.477 हे पाठ हवं. वीसपर्यंतचे वर्ग आणि दहापर्यंतचे घनही. रोज पंधरा मिनिटं साधे गुणाकार-भागाकार हातानं करत जा. बारावीच्या मुलांना हे लहान मुलांचं काम वाटतं, पण माझा वेग सर्वांत जास्त यानंच वाढला.

बारावीच्या दिवाळीत पहिली पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली तेव्हा मला 200 पैकी 71 गुण पडले. फिजिक्सपासून सुरुवात केली होती. रोटेशनल डायनॅमिक्सच्या एका प्रश्नावर सहा मिनिटं घालवली, 'हा मला येतो' या हट्टानं. वेळ संपला तेव्हा केमिस्ट्रीचे 22 प्रश्न वाचायचे राहिले होते. त्यातले बरेचसे मी नंतर घरी बसून सहज सोडवले. त्या दिवशी मला खूप रडू आलं. येत असलेलं हातून गेलं, याचं वाईट जास्त वाटतं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली, केमिस्ट्री आधी. 50 प्रश्न 35 मिनिटांत संपवायचे आणि उरलेली 55 मिनिटं फिजिक्सला द्यायची. दुसरी, तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत वाचता क्षणी सुटतात तेवढेच. दुसऱ्या फेरीत एक-दोन पायऱ्यांचे. तिसऱ्या फेरीत लांबचे, आणि शेवटच्या दोन मिनिटांत जे राहिलंय त्याला काही ना काही उत्तर, कारण गुण कापत नाहीत. रिकामा प्रश्न एकही ठेवायचा नाही.

मॉक देण्यापेक्षा मॉक तपासायला जास्त वेळ द्या. माझी एक शंभर पानी वही होती. चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात, आणि शेजारी कारण: संकल्पना कळलेली नाही, सूत्र विसरले, की घाई केली. महिन्याभरात दिसलं की माझे निम्म्याहून अधिक प्रश्न घाईनं जातात. 'नॉट' हा शब्द न वाचणं, सेंटिमीटरचं मीटर न करणं. मी मात्र तोवर अवघड धडे पुन्हा पुन्हा वाचत बसले होते! वही नसती तर चूक कुठं आहे ते कळलंच नसतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि आमच्याकडे तेव्हाच बेदाण्याच्या शेडचा हंगाम. एप्रिलमध्ये खरड छाटणी. घरात दिवसभर माणसांची ये-जा. आईनं माझ्या हातचं पाणी भरण्याचं कामसुद्धा काढून घेतलं, पण आवाज कोण थांबवणार? मी पहाटे साडेचार ते साडेसात हा वेळ धरला आणि दुपारी बरोबर दोन वाजता मॉक. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर सीईटीपर्यंत मला मधे सुमारे सहा आठवडे मिळाले. याच काळात बरीच मुलं चार दिवस म्हणून विश्रांती घेतात आणि त्याचे पंधरा दिवस होतात. मी तीन दिवस झोपले, चौथ्या दिवशी बसले. त्या सहा आठवड्यांत 19 पूर्ण मॉक झाल्या. गुण 110 वरून 140 च्या पुढे गेले.

एकदा जेवताना आप्पांनी विचारलं, "किती पडतात गं आता?"

"एकशे वीसच्या आसपास."

"आणि लागतात किती?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते कुणालाच नेमकं देता येणार नाही. परीक्षा संगणकावर अनेक दिवस, दोन-दोन सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कुणाला सोपा येतो, कुणाला अवघड. म्हणून निकाल गुणांत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुमच्या सत्रात बसलेल्या मुलांपैकी किती टक्के मुलं तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवून आहेत, तो तुमचा पर्सेंटाइल. पेपर अवघड आला तर सगळ्यांनाच अवघड असतो. हे मनात पक्कं बसलं असतं तर परीक्षेत मॅथ्सचे पहिले सहा प्रश्न न सुटल्यावर माझे हात गार पडले नसते.

संगणकाचा सराव करा. मी सगळ्या मॉक मोबाइलवर दिल्या होत्या. स्क्रीनवरून कागदावर आकृती उतरवायची, सोडवायचं, पुन्हा माउसनं पर्याय निवडायचा, यात वेळ जातो हे शेवटच्या आठवड्यात सायबर कॅफेत दोन मॉक दिल्यावर कळलं. तेवढ्या दोननंही फरक पडला.

आणि कागदपत्रं. याबद्दल क्लासमध्ये कुणी बोलत नाही. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. नॉन-क्रीमी लेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. माझ्या मैत्रिणीचे पर्सेंटाइल माझ्यापेक्षा जास्त होते. वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात आलं नाही, खुल्या गटातून जावं लागलं आणि हवी ती शाखा गेली. दोन वर्षांची मेहनत एका कागदापाशी अडली, ते मी जवळून पाहिलंय. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवा: 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या घरात मला शिकवायचं की नाही हा प्रश्न कधीच नव्हता, पण कर्ज काढायचं का हा होता. तो त्या जुलैमध्ये सुटला.

कॅपच्या अर्जात 300 पर्यंत पर्याय भरता येतात. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या सीईटी सेल प्रसिद्ध करतं, त्या निकालाच्या आधीच उतरवून घ्या. त्यातले 'जीओपीईएनएच', 'एलओपीईएनओ' असे शब्द बघून घाबरू नका. जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठीची, मधे प्रवर्ग, शेवटचा एच म्हणजे आपल्याच विद्यापीठ क्षेत्रातली, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. पर्याय भरताना कटऑफच्या उतरत्या क्रमानं भरू नका, तुम्हाला जे खरंच हवंय त्या क्रमानं भरा. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो पक्का धरला जातो, मग मागे फिरता येत नाही. मी आणि आप्पा बागेच्या बांधावर वही घेऊन बसलो होतो. मी कॉलेजची नावं वाचत होते आणि ते प्रत्येक नावापुढे एसटीनं घरी यायला किती वेळ लागेल ते लिहीत होते.