लॅव्हनममध्ये घर घेताय? आधी भिंत समजून घ्या

इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या लॅव्हनम गावात राहायला येताना पहिली गोष्ट म्हणजे नावं गावासारखी म्हणायला शिका. स्पेलिंग बघून आपण ‘लावेनहॅम’ म्हणतो, इथे ‘लॅव्हनम’ म्हणतात. जवळच्या मोठ्या गावाचं नाव ‘बरी’ नव्हे, ‘बेरी’ सेंट एडमंड्स. लॅव्हनमला रेल्वे नाही. प्रवासी गाड्या १९६१ मध्येच बंद झाल्या आणि त्या रुळांच्या जागी आता पायवाट आहे. सगळ्यात जवळचं स्टेशन सडबरी, सुमारे ११ किलोमीटरवर. तेव्हा घरात एक तरी गाडी हवीच, आणि जुन्या गल्ल्यांमध्ये ती लावायला जागा आहे का, हे घर बघतानाच विचारा.

बाकी व्यवहार महिन्याभरात अंगवळणी पडतात. अडचण येते ती घराची. या छोट्याशा गावात तीनशेहून जास्त इमारती सरकारी वारसायादीत आहेत. बहुतेक घरं चौदाव्या ते सोळाव्या शतकातली, ओकच्या लाकडी सांगाड्याची. ती इथे एवढ्या संख्येने का टिकली, हे कळलं की त्यांना काय मानवतं आणि काय नाही, हेही कळतं.

गावाला बाजाराची सनद १२५७ मध्ये मिळाली. पुढे इथलं जाड निळं लोकरी कापड नावारूपाला आलं. त्याचा रंग वोड नावाच्या झाडाच्या पानांतून काढत. त्या पानांतलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं रंगद्रव्य एकच; हिंदुस्थानातली नीळ जहाजांनी यायला लागली तशी युरोपात वोडची शेती मागे पडली. वॉटर स्ट्रीटवरून चालताना तुमच्या पायाखाली विटांनी बांधलेल्या नाल्यातून ओढा वाहतो. कापडाच्या धंद्याला पाणी लागायचं, आणि रस्त्याचं नावही त्याच पाण्यावरून पडलं. १५२४ च्या करआकारणीत लॅव्हनम इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांत चौदावं होतं, यॉर्क आणि लिंकन या शहरांच्याही पुढे. दुसऱ्याच वर्षी आठव्या हेन्रीने युद्धासाठी जादा कर मागितला. काम बंद पडलेले विणकर हजारोंनी इथे जमले आणि राजाला तो कर सोडून द्यावा लागला.

मग धंदा बसला. नेदरलँड्समधून आलेल्या विणकरांनी कोलचेस्टरमध्ये हलकं, स्वस्त कापड काढलं आणि जाड निळ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. इतर गावांत पुढच्या दोन-तीन शतकांत लोकांनी जुनी घरं पाडून विटांची बांधली. लॅव्हनमकडे तेवढा पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात इथे घोड्याच्या केसांचं कापड आणि नारळाच्या काथ्याच्या चटया विणल्या जात. त्यावर पोट भरायचं, पण नवी हवेली उठत नव्हती. आज आपण पाहतो ते गाव त्या गरिबीने राखलेलं आहे. म्हणूनच गेल्या शंभर वर्षांत या घरांचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं हौसेच्या दुरुस्तीने झालेलं आहे.

घर यादीत आहे की नाही, हे ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’मध्ये फुकट बघता येतं. दर्जे तीन: एक, दोन-तारांकित आणि दोन. दर्जा दोन म्हणजे सूट, असा गैरसमज करून घेऊ नका. संरक्षण तिन्हींना सारखंच, घराच्या बाहेरून आणि आतूनही. जिना, शेकोटी, दाराच्या कड्या, फरशी, सगळं त्यात आलं. आवारात १ जुलै १९४८ पूर्वीची शेड किंवा भिंत असेल तर बहुधा तीही. घराचं रूप बदलणाऱ्या कुठल्याही कामाला बेबर जिल्हा कौन्सिलची वारसा-परवानगी लागते. अर्जाला फी नाही, निर्णयाला साधारण आठ आठवडे धरा. परवानगीविना काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे: अमर्याद दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. आणि कारवाईला मुदत नाही. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी चोरून बसवलेली प्लास्टिकची खिडकी काढायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते. म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक बदलाची परवानगी वकिलामार्फत कागदावर मागा. पाहणी ‘लेव्हल ३’ची, म्हणजे सगळ्यात तपशीलवार, करून घ्या, तीही जुन्या लाकडी घरांचा अनुभव असलेल्या सर्व्हेयरकडून. विम्यात घर यादीत असल्याचं लिहिलेलं हवं, कारण जळलेलं ओकचं घर परत ओकनेच उभारावं लागतं.

आता भिंत. सांगाडा ओल्या ओकचा, कारण ताजं लाकूड कापायला सोपं. सुतारांनी सांधे जमिनीवर जुळवले, वाशांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरल्या आणि मग जागेवर लाकडी खुंट्या ठोकून उभं केलं. त्या खुणा आजही माळ्यावर दिसतात. वाळताना लाकूड आखडलं, पिळलं. घरं वाकडी दिसतात त्याचं मोठं कारण हेच. वाकडेपणाला घाबरू नका, मात्र नव्या भेगेकडे लक्ष ठेवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला आणि वर्षभर बघा. उन्हाळ्यात-हिवाळ्यात थोडी उघडून मिटत असेल तर लाकूड श्वास घेतंय. एकाच दिशेने वाढत गेली तर इंजिनियर बोलवा.

दोन खांबांच्या मधे हेझल नावाच्या झुडपाच्या काटक्यांचा कूड, त्यावर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप, आणि वर जनावराचे केस घातलेला चुन्याचा गिलावा. कोकणातल्या कुडाच्या भिंती किंवा देशावरच्या वाड्यातला घाणीचा चुना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे परकं वाटू नये. अशी भिंत पावसाचं पाणी थोडं पिते आणि ऊन-वारा लागला की सोडून देते. विसाव्या शतकात अनेक घरांवर सिमेंटचा गिलावा चढला. सिमेंट ताठ, लाकूड हलतं. बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर घर उभं आहे, ती आतल्या आत कुजते. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा: पोकळ वाजला, बुडाशी भुगा दिसला, लाकडात साधारण ३ मिलीमीटरची गोल भोकं असली, तर समजा की ओल आहे आणि ‘डेथवॉच’ भुंगाही आलाय. तो ओल्या ओकवरच फोफावतो. ओल गेली की त्याचाही जोर जातो. अशा भिंतीत रसायन टोचून ओल थांबवायचे प्रयोग पैसे वाया घालवतात.

उपायांची सुरुवात स्वस्तातून होते. पन्हाळी वर्षातून दोनदा साफ करा, एकदा पानगळ संपल्यावर नक्की. भिंतीलगतची माती किंवा खडी तुळईच्या खाली किमान १५० मिलीमीटर असू द्या; फुलांचे वाफे भिंतीला टेकवू नका. सिमेंट काढायचं ठरलं तर आधी कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याला विचारा, मग लहानसा तुकडा हाताने, छिन्नीने काढून आत काय आहे ते बघा. मशिन लावली की सिमेंटबरोबर जुना कूडही निघतो. नवा गिलावा चुन्याचा: एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग कणीदार वाळू, खालच्या थरांत केस. तीन थर, प्रत्येक साधारण १० मिलीमीटर. काम एप्रिल ते सप्टेंबरमध्ये उरका. तापमान ५ अंशांखाली गेलं की चुना नीट धरत नाही, आणि ओल्या गिलाव्यावर दव गोठलं तर तो पापुद्र्यांनी सुटतो. कडक ऊन असेल तर भिजवलेलं गोणपाट टांगा, नाहीतर वरचा थर वाळून चिरतो.

रंग म्हणजे चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ. भिंत आधी पाण्याने ओली करायची, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. पहिला हात पारदर्शक दिसतो म्हणून लोक जाड लावतात, आणि तोच थर पुढे पावडर होऊन कपड्याला लागतो. पातळ हात वाळल्यावर आपोआप पांढरा होतो, तेवढा धीर धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळा जाळतो. सफकची ओळख असलेला गुलाबी रंग याच सफेदीत रंगद्रव्य मिसळून येतो. छटा बदलायची तर आधी परवानगी विचारा. लाकूड काळं रंगवू नका. काळे पट्टे ही बरीच पुढची फॅशन. इथला ओक मुळात चंदेरी करडा सोडत किंवा त्यावर सफेदीच फिरवत. शेकोटीच्या वरच्या तुळईवर जळक्या खुणा किंवा कंपासने कोरलेली फुलं दिसली तर घासून काढू नका. घराचं वाईटापासून रक्षण व्हावं म्हणून केलेल्या त्या खुणा आहेत.

आपल्या स्वयंपाकाचाही विचार हवा. बुटकी छतं, लहान खिडक्या. कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची ओल थेट थंड भिंतीवर बसते. स्वयंपाक करताना खिडकी उघडा. एक्झॉस्टसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर परवानगी लागेल, जुन्या धुरांड्याची वाट मिळते का ते आधी बघा. तोरण जुन्याच खिळ्याला बांधा, ओकमध्ये नवा खिळा ठोकू नका. समई तुळईखाली ठेवू नका. दिवाळीच्या रात्री फटाक्यांना कायद्याने १ वाजेपर्यंत मुभा असते, पण रस्त्यावर फटाके उडवणं बेकायदा आहे. आणि लाकडी घरांच्या या गल्ल्यांत ते करू नयेच.

बागेतलं झाडही स्वतःच्या मर्जीने तोडता येत नाही. गावाचा गाभा संरक्षित क्षेत्रात आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोड ७५ मिलीमीटरपेक्षा जाड असेल तर छाटणीआधीही कौन्सिलला सहा आठवड्यांची लेखी सूचना द्यावी लागते.

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत. १८९४ च्या कायद्याने ती चर्चच्या कारभारापासून वेगळी झाली, त्यामुळे नावातल्या ‘पॅरिश’ला बिचकू नका, कुठल्याही धर्माच्या रहिवाशाला ती खुली आहे. घराच्या अर्जावर ती मत कळवते, निर्णय मात्र बेबरचा. मोठं काम काढण्याआधी बैठकीला जाऊन बसा आणि शेजाऱ्यांना नकाशा दाखवा. पायवाटांसाठी १:२५,००० चा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा घ्या. वाटेवरच्या खांबांवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही वाट. वाट उभ्या पिकातून गेली तरी तिच्यावरून चालायचा हक्क आहे. गुरं असतील तिथे फाटक जसं सापडलं तसंच ठेवा.

सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चचा मनोरा ४३ मीटर उंच. बुडाशी दगडात दोन चिन्हं शोधा: दे व्हिअर या जमीनदार घराण्याचा तारा आणि कापडव्यापारी थॉमस स्प्रिंगची व्यापारी खूण. जहागीर आणि व्यापार, दोघांच्या पैशातून ते उभं राहिलं. वर माइल्स ग्रेने १६२५ मध्ये ओतलेली मोठी घंटा आहे, जिच्या आवाजाची कीर्ती देशभर आहे. घंटा वाजवायला शिकणाऱ्यांना अशा मनोऱ्यांत सहसा मनापासून बोलावतात. गावात मिसळायची ही चांगली वाट आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी युद्धस्मारकाशी ११ वाजता दोन मिनिटं शांतता पाळतात, तेव्हा जरूर उभे राहा.

स्वतःच्या घराचा इतिहास काढायचा असेल तर मागे मागे जा: आधी खरेदीखतं, मग १८४१ पासूनच्या जनगणना, मग १८३६ च्या कायद्यानंतरचा टाइद (चर्चला द्यायच्या दशांश कराचा) नकाशा, ज्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या यादीत मालक व कूळ लिहिलेलं असतं. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींचा हुकूम १५३८ चा. यातले बरेचसे कागद सफक आर्काइव्ह्ज या परगण्याच्या अभिलेखागारात असतात. जाण्याआधी कागदपत्रांचे क्रमांक काढून जागा राखून ठेवा. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या.