अमेरिकेतल्या लष्करी तळावरचं संग्रहालय बघायला जाताय? या चुका टाळा

प्रवेश फुकट आहे म्हणून गाडी काढून थेट गेटवर जाऊ नका. अमेरिकन लष्कराची बरीच संग्रहालयं चालू तळांच्या आत आहेत. तिकीट नसतं, पण आधी तळाचं गेट ओलांडावं लागतं, आणि मंडळी अडकतात ती तिथेच.

सगळ्यात मोठा घोळ ओळखपत्राचा. ७ मे २०२५ पासून साधं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही. ताऱ्याची खूण असलेलं लायसन्स, म्हणजे रिअल आयडी, किंवा पासपोर्ट हवा. शिवाय फक्त गाडी चालवणाऱ्याचं दाखवून भागत नाही. व्हिजिटर सेंटरवर सगळ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासून मगच पास मिळतो. भेटीला आलेले आईबाबा भारतीय पासपोर्टवर असतील तर आधी फोन कराच. कित्येक तळांवर परदेशी नागरिकांना सोबतीला तळावरचा माणूस असल्याशिवाय आत सोडत नाहीत. नातवंडं आत आणि आजी-आजोबा बाहेर, अशी फाटाफूट गेटवर नको.

मॅप जवळचं गेट दाखवतो, पास मात्र दुसऱ्याच गेटवर मिळतो. चुकलात तर पहारेकऱ्याला सरळ सांगा, तो गाडी वळवून देईल. रांगेतून रिव्हर्स घेऊ नका, गेटचे फोटो तर अजिबात काढू नका. गांजाच्या गोळ्या राज्यात कायदेशीर असल्या तरी तळावर नाहीत. भाड्याची गाडी असेल तर तिचा करारही जवळ ठेवा.

एवढं करून आत गेल्यावर घाई करणं ही पुढची चूक. ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलमध्ये लोक एक इमारत बघून परत फिरतात. तिथे तोफखान्याचं संग्रहालय वेगळं आणि १८६९ चा जुना किल्ला वेगळा. बाहेर मांडलेल्या तोफांमध्ये 'अ‍ॅटॉमिक अ‍ॅनी' आहे. २५ मे १९५३ रोजी नेवाडाच्या वाळवंटात २८० मिलिमीटरच्या या तोफेतून १५ किलोटनचा अणुगोळा डागला होता. ती हलवायला पुढे एक आणि मागे एक असे दोन ट्रॅक्टर लागत. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांशी टेलिफोनवर बोलत. तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारा, मग लांबी कळते. जेरोनिमोची कबर मात्र संग्रहालयाशेजारी शोधू नका. युद्धकैदी म्हणूनच १९०९ मध्ये वारलेला हा अपाची या मूळ अमेरिकन जमातीचा योद्धा तळावरच्या दूरच्या अपाची दफनभूमीत आहे. रस्ता आधीच विचारून घ्या.

जुन्या माहितीवर विसंबू नका. बरीच संग्रहालयं बंद करायचं लष्कराने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. नावांचाही गोंधळ आहे: जॉर्जियातला तळ फोर्ट बेनिंग २०२३ मध्ये फोर्ट मूर झालं आणि २०२५ मध्ये पुन्हा बेनिंग. संग्रहालयासोबत व्हिजिटर सेंटरच्या वेळाही बघा.

पासची कटकटच नको असेल तर कोलंबस, जॉर्जिया इथलं नॅशनल इन्फंट्री म्युझियम गाठा. ते बेनिंगच्या गेटबाहेर आहे, प्रवेश फुकट.

आणि तळावर संध्याकाळपर्यंत रेंगाळलात तर पाचच्या सुमारास बिगुल वाजतो, झेंडा उतरतो आणि रस्त्यावरच्या गाड्या जागीच थांबतात. तुम्हीही थांबा, पुढच्याला हॉर्न देऊ नका.