सहा जणांचं 'बोर्ड अँड केअर': कॅलिफोर्नियात घर घेण्याआधी या चुका टाळा

राहत्या वस्तीत वृद्धांसाठी छोटं 'बोर्ड अँड केअर', म्हणजे राहणं, जेवण आणि देखभाल देणारं घर, काढायचं ठरलं की आपली माणसं पहिलं विचारतात, "शेजारी हरकत घेतील का?" घेतीलही. पण सहा किंवा कमी रहिवाशांच्या परवानाधारक घराला कॅलिफोर्नियाचा कायदा झोनिंगपुरतं, म्हणजे कुठल्या वस्तीत कोणता वापर चालेल या शहराच्या नियमांपुरतं, कुटुंबच मानतो. शेजारच्या बंगल्याला जो वापर-परवाना लागत नाही, तो शहर तुमच्याकडेही मागू शकत नाही. स्थानिक बिझनेस टॅक्सही नाही. १९७९ पासूनच्या करारांत 'फक्त निवासी वापर' असं कलम असलं, तरी त्याच्या आधारे होमओनर्स असोसिएशनला (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेला) तुम्हाला अडवता येत नाही.

हे माहीत नसल्याने आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने आपणहून वापर-परवान्याचा अर्ज केला. शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, सुनावणी लागली. अक्षत देऊन भांडण घरी आणलं म्हणायचं!

दुसरा मोह सातव्या खाटेचा. एका बेडरूममध्ये दोघांना ठेवता येतं, म्हणून पाच बेडरूममध्ये दहा, असा हिशेब मांडू नका. सातव्या माणसाबरोबर वरचं संरक्षण संपतं आणि शहराचे स्वतःचे झोनिंग नियम लागू होतात. हप्ता सहा जणांच्या पैशांत बसत नसेल, तर ते घर सोडा.

खरी फजिती मात्र घराच्या आत होते. झोनिंगची सूट म्हणजे बिल्डिंग परमिटची सूट नव्हे. गॅरेजमध्ये विनापरमिट काढलेली खोली घरमालकाला बेडरूम वाटते, तपासायला येणाऱ्याला ती गॅरेजच दिसते. आमच्या त्या जोडप्याच्या घरात चौथ्या बेडरूमला जायचं तर तिसरीतून जावं लागे, आणि कुणाची झोपायची खोली दुसऱ्याची ये-जा करायची वाट असलेली चालत नाही. भिंत फोडून नवं दार काढलं, त्यासाठी परमिट काढलं. तोवर रिकाम्या घराचे हप्ते चालूच. घर बघायला जाताना म्हणूनच नकाशा हातात घ्या आणि प्रत्येक खोलीत पॅसेजमधूनच शिरून बघा.

फायर क्लिअरन्स, म्हणजे अग्निशमन खात्याची मंजुरी, मागताना 'सगळे चालते-फिरते' असं लिहून मोकळं होऊ नका. वॉकरशिवाय बाहेर पडू न शकणाऱ्या आजी तिथे 'नॉन-अँब्युलेटरी', म्हणजे मदतीशिवाय बाहेर पडू न शकणाऱ्या, अशाच धरल्या जातात. सुरुवातीलाच सहाही जागा तशा मागा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वेगळी मंजुरी लागते, आणि असा रहिवासी ठेवला की ४८ तासांत अग्निशमन खात्याला कळवायचं असतं.

चालू होम विकत घेताय? घर तुमच्या नावावर झालं, तरी परवाना त्याच्याबरोबर येत नाही. तो तुम्हाला राज्याच्या सामाजिक सेवा विभागाकडून नव्याने काढायचा आहे. अर्ज कधी करायचा आणि तोवर रहिवाशांची जबाबदारी कुणाची, हे एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारं त्रयस्थाचं खातं) उघडण्याआधी वकिलाकडून करारात लिहून घ्या.