सोसायटीने अचानक ७२ हजार मागितले? भरायच्या आधी हे बघा

लिफ्टशेजारी कागद चिकटवलेला असतो, टेरेसचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर, फ्लॅटमागे ७२ हजार, तीन हप्ते. वाचून डोकं फिरतं आणि माणूस सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडायला जातो. आमच्याकडे तेच झालं, दोनशे मेसेज पडले, लेखी अर्ज एकाचाही नाही, सेक्रेटरी निवांत.

तर आधी हा खर्च मंजूर कुठे झाला ते शोधा. कमिटीने स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करायचा याला उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, मर्यादा असते, महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श (सरकारी नमुना) उपविधीत २५ सभासदांपर्यंत २५ हजार, ५० पर्यंत ५० हजार आणि त्याहून मोठ्या सोसायटीला १ लाख. त्यावर गेलं की सर्वसाधारण सभा पाहिजेच. आमचे ४० फ्लॅट, म्हणजे जवळपास २९ लाखांचं काम, ते काय चार जणांनी चहा पिता पिता ठरवायचं? सभा झालीच असेल तर नोटीस बघा, वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवस लागतात, विशेष सभेला ५. आणि विषय अजेंड्यावर होता की 'आयत्या वेळचे विषय' मध्ये घुसवला हे नक्की बघा, बहुतेक गडबड तिथेच असते.

मग साध्या कागदावर अर्ज करा, सभेचं इतिवृत्त, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) रिपोर्ट, सगळी कोटेशन्स आणि सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशात) किती शिल्लक आहे ते मागा. कॉपीवर पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टने पाठवा. कोटेशन्स शेजारी शेजारी ठेवून वाचा हं. आमच्या तिन्ही 'वेगवेगळ्या' कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंगचं स्पेलिंग सेम टू सेम चुकलेलं होतं!

आता वाटणी. सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे असतात म्हणून लोकांना वाटतं हेही सारखंच. तसं नाही, आदर्श उपविधीप्रमाणे मोठ्या दुरुस्तीचा फंड फ्लॅटच्या एरियावर काढायचा असतो. वन बीएचकेवाल्यांनो, हे वाक्य परत वाचा.

एवढं हातात आलं की एक पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा करा, तेवढ्यांनी लेखी मागणी केली की कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. सह्यांसाठी रविवारी सकाळी दारोदार फिरा, ग्रुपवर अंगठे दाखवणारे सही करतीलच असं नाही.

तरीही ऐकलं नाही तर, कागदपत्रं देत नाहीत किंवा सभा घेत नाहीत यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा, पण ठरावच चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावं लागतं आणि तिकडे वकील केलेला बरा.

आणि हे सगळं चालू असताना पैसे अडवून बसू नका प्लीज. तीन महिने थकले की तुम्ही थकबाकीदार, वर व्याज, आणि त्याच कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला (वसुलीचा सरकारी आदेश) आणून सोसायटी तो पैसा वसूल करू शकते. रक्कम भरा, सोबत 'हरकत नोंदवून भरत आहे' असं पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. मेंटेनन्स तर अजिबात थांबवू नका.

आमच्याकडे शेवटी विशेष सभा झाली, कोटेशन्स नव्याने मागवली, खर्च फारसा उतरला नाही पण वाटणी एरियावर आली. माझे ७२ चे ५८ हजार झाले. शेजारच्या टू बीएचकेवाल्या काकांचे झाले ९३, सह्यांच्या कागदावर पहिली सही त्यांचीच होती, हल्ली ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.